बायजाने शिकवलेलं हरीण

अमर हरणाच्या पाठीवर ठिपके देत होता. ब्रशचा मागचा दांडा पांढऱ्या रंगात बुडवायचा, भिंतीवर टेकवायचा, उचलायचा. या कामाला डोकं लागत नव्हतं. हरणाच्या शिंगांतून झाड उगवलं होतं, झाडावर पोपट बसले होते आणि पोपटांची पोटं भरायची अजून बाकी होती. बोरच्या जंगलाला लागून असलेल्या या रिसॉर्टच्या जेवणघराची भिंत चांगली ऐसपैस होती, आणि पावसाळ्यानंतर जंगल उघडायच्या आत मॅनेजर धनंजयला ती पुरी झालेली हवी होती.

"अबे, हरणाले अजून थोडं ट्रायबल कर न," धनंजय जाता जाता म्हणाला.

"म्हंजे कसं?"

"मले काय माहीत? तुमचंच आहे ते."

तुमचंच. हा शब्द वर्षभर अमरच्या मागे हात धुऊन लागला होता. नागपूरच्या कॉलेजात पहिली दोन वर्षं त्याने कोळशाने माणसं काढली. बसस्टँडवर पेंगणारी, दवाखान्याच्या पायऱ्यांवर ताटकळणारी. सर चित्र हातभर लांब धरून म्हणायचे, "हात चांगला आहे रे. पण यात तू कुठे आहेस?" मग एक दिवस त्यांचं लक्ष त्याच्या आडनावाकडे गेलं. "मडावी म्हणजे गोंड ना तू? अरे, काखेत कळसा आणि गावाला वळसा!" वर्ग हसला. अमरही हसला. आपल्या काखेत कळसाबिळसा काही नाही, हे सांगायला त्याची जीभ रेटली नाही. त्यांच्या घरी दिवाळीला भिंती पांढऱ्या मातीने पोतारायच्या, खाली गेरूचा पट्टा ओढायचा, की झालं. ठिपक्यांची हरणं काढणारे गोंड तिकडे मध्य प्रदेशात. अमरने ती पहिल्यांदा मोबाइलवर पाहिली आणि मोबाइलवरूनच उतरवली. त्या चित्राला बक्षीस मिळालं.

"आता सापडलास," सर म्हणाले.

सापडला तो खराच, पण चोर सापडतो तसा. त्यानंतर कोळसा हातात धरला की बोटं आखडायची. समोरचं माणूस दिसायचंच बंद झालं. शेवटच्या वर्षाला जायचं नाही असं त्याने ठरवून टाकलं. जाम गावच्या चौकात कैलासचं फ्लेक्सचं दुकान होतं. सोमवारपासून तिथे येतो असा शब्दही दिला होता. वाढदिवसाचे बॅनर करायचे, भावी आमदारांच्या गालांवरचे डाग पुसायचे. तिथे निदान 'यात तू कुठे आहेस' असं विचारायला कोणी बसलेलं नसणार.

दुपारी त्याची आई, बायजा, डबा घेऊन आली. शेतातलं निंदण अर्ध्यावर टाकून आली होती, पायाचा चिखल अजून ओला होता. फरशी खराब होईल म्हणून ती दाराशीच थांबली. भिंत ती पहिल्यांदाच पाहत होती.

"हे का होय?"

"हरीण."

"मंग शिंगाले झाड काऊन?"

"तसंच असते, माय. आपलं आहे म्हंतेत हे."

"आपलं?"

त्याने उत्तर द्यायच्या आत धनंजय पाहुण्यांना घेऊन आत आला. पुण्याकडचं कुटुंब होतं. बाईंच्या डोक्यावर गॉगल, हातात मोबाइल.

"हा आमचा आर्टिस्ट. इथलाच गोंड आहे," धनंजय म्हणाला. "आणि ह्या त्याच्या आई."

पाहुणीबाई एकदम खुलल्या. "मावशी, किती सुंदर आहे हे! तुमच्याकडे घरोघरी असतं ना?"

अमरचा हात थांबला. आता ही नाही म्हणणार. खरं तर तिने नाही म्हणावं असंच त्याला वाटत होतं. एकदाचं बिंग फुटलं असतं म्हणजे तो सुटला असता.

बायजाने भिंतीकडे पाहिलं, धनंजयकडे पाहिलं, मग पोराच्या रंगाने माखलेल्या हाताकडे पाहिलं.

"असते न," ती म्हणाली. "घरोघरी असते. याले मीच शिकवलं."

"आणि याचा अर्थ काय?"

"जंगल आमचा देव. हरीन त्याचं लेकरू. अन् आमचे म्हातारे मेले का पोपट होऊन झाडावर बसतेत."

खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस एकदा सुटलं की त्याला धरबंध राहत नाही. बाईंनी मोबाइल समोर धरला आणि गोंडीत काहीतरी बोला म्हणाल्या. बायजा गोंडीत बोलली. बाईंनी भारावून मान डोलावली. भाकर थंडी होऊन राहिली आहे, ही बाई कधी जाते कोण जाणे, एवढंच ती बोलली होती. ते अमरशिवाय कोणालाच कळलं नाही.

मग फोटो झाले. बायजा हरणाला खेटून उभी राहिली. डबा पोटाशी धरलेला, हनुवटी वर, ओठांचा एक कोपरा आत ओढलेला, मानेची शीर ताठ. नजर मोबाइलकडे नव्हती, दाराकडे होती. अमरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तशातच त्याला दिसलं, की तिच्या जबड्याखालची सावली कानापाशी येऊन तुटते. त्याचे डोळे आपोआप बारीक झाले. आपल्या पायी आईवर ही वेळ आली आणि आपण तिची हनुवटी काय मोजतोय, म्हणून त्याला स्वतःचा संताप आला. पण नजर काही हटली नाही. वर्षभरानंतर त्याला कोणीतरी माणूस दिसत होतं.

संध्याकाळी घरी आल्या आल्या त्याने पुठ्ठ्याचं खोकं फाडून सपाट केलं आणि चुलीतला विझलेला कोळसा घेऊन बसला. बायजा सुपात तुरीची डाळ घेऊन बाहेर आली आणि त्याच्या खांद्यावरून वाकली.

"ही मी?"

"हो."

"तोंड काऊन असं वाकडं?"

"दुपारी तसंच झालतं."

ती खाली बसली. सूप बाजूला ठेवलं.

"तुह्यासाठीच बोलली मी ते."

"मले माहीत हाये."

"नाई बोलली असती तं त्या मॅनेजरनं काम काढून घेतलं असतं तुह्यं."

"घेतलं असतं," अमर म्हणाला.

"हे त्या बाईले दाखवू नोको." तिने पुठ्ठा पालथा घातला. "दुसरं काढ. चांगलं काढ. बसतो मी."

ती उंबऱ्यावर सावरून बसली. पदर नीट केला, हनुवटी वर केली. अगदी दुपारच्या फोटोसारखी. मान खाली कर असं अमर म्हणाला नाही. त्याने कोळसा उचललाही नाही, नुसता बसून राहिला. थोड्या वेळाने तिची मान अवघडली. काढून राह्यला का नाई, असं पुटपुटत तिने सूप जवळ ओढलं आणि डाळीतले खडे वेचायला लागली. वेचता वेचता ती त्याला विसरली. ओठ सैल झाला, कपाळावर आठी आली, चेहरा हळूहळू आपल्या जागी परतला. तेव्हा कुठे अमरने पुठ्ठा उलटून कोऱ्या कोपऱ्यात पहिली रेघ ओढली.

"सोमवारी जामले सकाळीच जा लागन न तुले?" तिने वर न बघता विचारलं. "डबा करून देतो."

"हालू नोको, माय."