बिननावाची बटनं

लिफ्ट अडकली की माणूस आधी देवाचं नाव घेतो आणि मग आमच्या कंपनीला फोन लावतो. देवाचं माहीत नाही, आमचा फोन मी उचलते. फोन उचलणं ही काही मोठी विद्या नाही. माझं खरं काम त्याच्या पुढचं, कुठला मेकॅनिक कुठे जाईल ते ठरवायचं आणि त्याला पाठवायचं. कोणाला दरवाजाचं काम जमतं, कोण मोटरमधला, कोण जेवायला बसला की फोनकडे ढुंकून बघत नाही, ही सगळी कुंडली माझ्या डोक्यात असते. मला दिसत नाही, जन्मापासून. त्याचं कौतुक नको आणि कीवही नको, चहा तेवढा वेळेवर द्या.

कॉम्प्युटरवर जे असेल ते मला स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम मोठ्यानं वाचून दाखवतो. त्याला मी राघू म्हणते, कारण समोर असेल तेवढंच बोलतो, पदरची अक्कल लावत नाही. त्याचा वेग मी इतका वाढवून ठेवलाय की बाकीच्यांना नुसती कुरकुर ऐकू येते. साहेब विचारतात, "ताई, हा काय म्हणतोय?" मी म्हणते, "तुमची चहाडी करतोय."

आमचं जुनं सॉफ्टवेअर म्हणजे काळा पडदा आणि अक्षरं. चित्र नाही, माउस नाही, ओळीखाली ओळ. लोक त्याला नाकं मुरडायचे, पण राघूचा आणि माझा त्यावर सुखाचा संसार चालला होता. हल्ली मात्र ते मधेच मान टाकायचं. साहेबांनी नवीन करून घ्यायचं ठरवलं, आणि कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मीच म्हटलं, "आमचे जावई हेच काम करतात."

आता आपलेच दात आणि आपलेच ओठ. जावई माणूस गुणी, लेकीला फुलासारखी जपतात. पण लग्नाला चार वर्षं झाली तरी मी त्यांना अहो-जाहो करते, ते माझ्यापुढे हळू आवाजात बोलतात, आणि दोघं एकमेकांकडे पाहुणे आल्यासारखे वागतो. त्यांनी काहीही केलं तरी मी "छान" म्हणणार, हे ठरलेलं.

त्यांनी नवं सॉफ्टवेअर आणून लावलं. सगळे म्हणाले, काय देखणं आहे! राघू म्हणाला, "बटन. बटन. बटन. बटन."

बटनांवर चित्रं होती म्हणे, पाना, फोन, बरोबरची खूण. पण चित्रामागे नाव लिहिलेलं नव्हतं, आणि राघूला चित्र कळत नाही, नावच वाचता येतं. चित्रांशी माझं वैर नाही हो. बँकेचं, गाण्यांचं, सगळं चित्रांचंच मी घरी वापरते, कारण तिथे कोणी शहाण्यानं नावं घातलेली असतात. इथे म्हणजे एकसारख्या डब्यांच्या फळीवर मीठ शोधायचं, तेही झाकण न उघडता.

"कसं वाटलं, आई?" जावयांनी विचारलं.

"छान आहे," मी म्हटलं.

साहेब वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, "ताई, सोमवारी सगळ्यांसमोर चालवून दाखवा. नाही जमलं तर काळजी करू नका, तुम्ही फोनच घ्या, पाठवायचं काम दुसरं कोणी बघेल. पगार तोच." पगार तोच म्हणे! घरात भाकरी मिळते म्हणून माणसानं स्वयंपाकघर सोडायचं का?

मग मी पाठांतर केलं. मेकॅनिकची यादी राघूला वाचता येत होती, तिथून माणूस निवडायचा, मग टॅबची कळ दाबत एकेक बटन मोजत पुढे जायचं. चौथं बटन "काम झालं", पाचवं "पाठवा". आठवडाभर घोकलं. लेकीनं फोनवर विचारलं, "आई, खरंच जमतंय ना?" मी म्हटलं, "न जमायला काय धाड भरलीय?" आणि विषय बदलला.

सोमवारी साहेबांनी सकाळच्या तक्रारी आधीच भरून ठेवल्या होत्या. मला फक्त मेकॅनिक पाठवायचे होते. जावई मागे उभे. मी झरझर माणसं निवडली, पाचवं बटन, एंटर, पाचवं बटन, एंटर. राघू दर वेळी "ठीक आहे" म्हणाला. चार तक्रारी हातावेगळ्या झाल्या. मी खुर्चीत अशी ऐसपैस बसले की साहेबांना हसू आलं असणार.

तेवढ्यात फोन वाजला. सहाव्या मजल्यावरचे एक गृहस्थ होते, आवाज घुमत होता. "ताई, लिफ्ट दुरुस्त झाल्याचा मेसेज आलाय. आभारी आहे. पण मी अजून आतच आहे."

तोंडचं पाणी पळालं. चारही तक्रारींवर "काम झालं" असा शिक्का बसला होता आणि एकही मेकॅनिक जागचा हलला नव्हता. फोनाफोनी करून मी माणसं धाडली, गृहस्थ हसतखेळत बाहेर आले, पण व्हायचं ते झालं. साहेब हळूच म्हणाले, "असू दे ताई. उद्यापासून फोनच घ्या तुम्ही."

मला रडू फुटायचंच बाकी होतं. जावई पुढे आले. "आई, माझं चुकलं बहुतेक. सकाळी मी एक बटन वाढवलं. सगळ्यांत पुढे टाकलंय. तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी? कसलं?"

"अक्षरं मोठी करायचं."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग शब्द सुटले, आणि थांबेनात.

"अरे बाबा, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? घराएवढी अक्षरं केलीस तरी मला काय दिसणार आहे? पाट्या नसलेली बटनं लावलीस, मी मुकाट्यानं मोजून पाठ केली, आणि तू आयत्या वेळी पुढे एक घुसवलंस, पाचव्या जागी 'काम झालं' येऊन बसलं! आता माझं काम गेलं ना!"

मी जावयाला अरे-तुरे केलं हे मला नंतर कळलं.

"पाट्या नसलेली?" तो म्हणाला. "म्हणजे राघूला नावंच वाचता येत नव्हती? मी विचारलं होतं तुम्हाला. छान म्हणालात."

"मग काय म्हणणार? तू जावई!"

"आई, ऑफिसात दिवसभर माझ्या चुका काढतात, म्हणून तर काम नीट होतं." मग हळूच म्हणाला, "तुम्ही आज पहिल्यांदा ओरडलात. बरं वाटलं."

त्यानं साहेबांकडून संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. एकेका बटनाला एकेक ओळ लिहायची, एवढंच ते काम. एवढ्याशासाठी आठवडाभर घोकत बसले म्हणून माझा पुन्हा तिळपापड झाला, तर तो हसायला लागला. लेकीला कळवलं तेव्हा ती म्हणाली, "तू त्यांना नावं ठेवत नाहीस आणि ते बटनांना. चांगली जोडी आहे."

"इथे 'निवडलेल्या मेकॅनिककडे तक्रार वर्ग करा' असं लिहू?" त्यानं विचारलं.

"राघू एवढं बोलेपर्यंत लिफ्टमधला माणूस म्हातारा होईल. 'पाठवा' लिही."

मोठ्या अक्षरांचं बटन तो काढून टाकत होता. साहेब घाईघाईनं म्हणाले, "राहू दे हो ते, असतं एखाद्याला उपयोगी."

दिवेलागणीला मी पुन्हा सगळ्यांसमोर बसले. या वेळी तक्रार आधी भरून ठेवायची गरजच पडली नाही, फोन आला. एका बाईची आई तळमजल्यावर लिफ्टमध्ये अडकली होती आणि बाईचा आवाज कापत होता. मी यादीतून दरवाजावाला निवडला, तो दोन गल्ल्या सोडूनच होता. राघू म्हणाला, "पाठवा. बटन." मी एंटर दाबलं. राघू म्हणाला, "पाठवला." साहेब माझा चहा माझ्या टेबलावर ठेवून आपल्या खोलीत गेले.

"दहा मिनिटांत माणूस येतोय," मी बाईंना सांगितलं. "आईंशी बोलत राहा."

"नक्की येईल ना हो?"

"नक्की," मी म्हटलं. "मी पाठवलाय."