मामाची जागा

सुलाआत्तीनं तिची वसुधा आमच्या घरात दिली नाही, म्हणून आप्पा वर्षभर बहिणीशी बोलले नव्हते. आमच्याकडं भाचीवर मामाच्या पोराचा पहिला हक्क. तो पोरगा मी. वसुधा शाळेत बाई, मी अनगोळात पिठाची गिरणी चालवणारा. ती नाही म्हणाली यात तिचं काय चुकलं? पण मला ती आवडत होती आणि दुखायचं ते दुखलंच.

तिच्या लग्नादिवशी नेमका सीमाप्रश्नाचा बंद. बस नाही. आप्पांनी गुपचूप आणलेली मामाकडची पिवळी साडी पुन्हा ट्रंकेत टाकली.

"गेलो असतो रं, पण देवालाच नको हाय."

देवाच्या नावावर रुसवा खपवण्यात आप्पांचा हात कुणी धरला नसता. मी तडकलो. "मामा पाठीशी न्हाय म्हंजे लोक काय म्हणतील? मामा मेला हिचा? बसा कॅरियरवर!"

खानापूरची अक्षता भर दुपारची. पिरनवाडीला रस्त्यावर टायर जळत होते, दगड पडत होते. मी सायकल देसूरकडं वळवली आणि रुळांकडेची वाट धरली. गँगमनांच्या पायांनी पडलेली, चाकाएवढीच रुंद. खडीवरून दोनदा आडवे झालो. आप्पा साडी छातीशी धरून ओरडत होते, "सावकास! मारतोस काय मला?"

"मरायचं ते अक्षता पडल्यावर मरा!"

ओढ्यावरच्या पुलाशी वाट संपली. पुढं नुसते स्लीपर, मधे फटी, खाली खडक. सायकल खांद्यावर घेऊन मी पुढं झालो. निम्म्यात आलो आणि मागं शिट्टी झाली. आप्पा धावले, आणि त्यांचा पाय फटीत अडकला.

मी सायकल खाली टाकून दिली. पाय निघेना. आप्पांनी साडी माझ्यापुढं धरली. "ही घे नि पळ. पोरगी वाट बघत आसंल."

"साडीला मामा म्हणंल व्हय ती?" मी जीव खाऊन ओढलं. चप्पल फटीतच राहिली, पाय सुटला. त्यांना ओढत पूल ओलांडून उतारावर पडलो, आणि मालगाडीचं इंजिन धडधडत डोक्यावरून गेल्यासारखं गेलं. साडीला माती लागली नव्हती. आप्पांचा घोटा मात्र टम्म सुजला होता.

ओढ्यातून सायकल काढली, सुटलेली चेन हातानं बसवली. वाकड्या चाकाच्या त्या सायकलीवर आप्पांना बसवून खानापूरपर्यंत ढकलत नेलं.

मांडवात भटजी घाई करत होते. कुणीतरी लांबचा मामा उभा करायचं ठरलं होतं. आप्पांना बघून सुलाआत्ती रडतच धावली. वसुधा आत जाऊन पिवळी साडी नेसून आली. आप्पा उभे राहायला गेले आणि कळवळून खाली बसले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा बसले. मग त्यांनी माझं मनगट धरलं.

"माझ्या जागी तू हुबा ऱ्हा."

"मी?"

वसुधानं मागं बघितलं. "ये की रं, जोत्या. तू बी मामाकडचाच न्हवं?"

लहानपणापासून सगळ्यांनी मला सांगितलं होतं, अंतरपाटाच्या पलीकडची जागा तुझी. मी अलीकडं, तिच्या पाठीशी उभा राहिलो. मंगलाष्टका सुरू झाल्या, अक्षता पडू लागल्या. चेनच्या काळ्या तेलानं माझे हात माखले होते. तिच्या साडीला लागू नयेत म्हणून ते मी पाठीमागं घट्ट धरून ठेवले होते. त्यामुळं डोळे पुसता आले नाहीत.