तक्रार म्हण

त्या शेवटच्या साध्या दिवशीही आईचा पाय घरात ठरत नव्हता. मुलगी मुद्दाम सुट्टी काढून आली होती. आज दोघींनी निवांत बसायचं, असं ठरलं होतं. पण चहा कपात ओतते न ओतते तोच इस्त्रीवाली बिल नाचवत दारात उभी. आईने चष्मा चढवला. वीज कंपनीच्या कचेरीत तिने हयातभर बिलं काढली आणि निवृत्त झाल्यावर तीच बिलं वस्तीला समजावून सांगायला घेतली. सगळे तिला बिलबाईच म्हणत.

आकड्याशेजारी बारीक अक्षरात 'अंदाजे' छापलं होतं. म्हणजे मीटर कुणी पाहिलंच नव्हतं.

"वापरलंस तेवढं भर, त्यांच्या अंदाजाचं कशाला?" आई म्हणाली. "उद्या कचेरीत जा. आणि तिथे विनंती म्हणू नकोस, तक्रार म्हण. तक्रारीला नंबर मिळतो. नंबर असला की निकालापर्यंत लाइन तोडता येत नाही. विनंती काय, वाऱ्यावर जाते."

मग मीटर बघायला म्हणून तीही निघालीच. जाताना "आलेच," म्हणाली. चहावर साय धरली. मुलीने पुस्तक उघडलं, मिटलं, आणि संध्याकाळी आई आली तेव्हा हसून म्हणाली, "काही नाही गं, वाचत होते."

पहाटे आई झोपेतच गेली.

त्यानंतर मुलीला एका जागी बसवेना. आवरलेली भांडी ती पुन्हा आवरायची, खिडकी उघडायची, लावायची. भेटायला येणारे सांगत, बिलबाईंनी कुणाचं तुटणारं पाणी वाचवलं, कुणाचा गॅस. आम्ही त्यांना फार त्रास दिला, असंही म्हणत; 'छे हो,' म्हणून ती मान हलवत राहायची.

एके सकाळी इस्त्रीवाली धापा टाकत आली. लाइन तोडायला लाइनमन तिच्या दारात शिडी लावून उभा होता. कपड्यांचा ढीग पडलेला, गिऱ्हाइकं खोळंबलेली, आणि इस्त्री गार पडली तर घरची चूलही गार. ती कचेरीत गेली होती, पण साहेबाला पाहून जीभ घसरली आणि तोंडून विनंतीच निघाली. तक्रार म्हटलं की भांडखोर वाटतं हो, ती म्हणाली. साहेबाने "बघतो" म्हणून कागद ठेवून घेतला होता. नंबर नव्हताच.

मुलीने चपला चढवल्या. लाइनमन भला निघाला. त्याने शिडी टेकवून ठेवली, म्हणाला, चहा पिऊन येतो, तोवर नंबर आणा.

कचेरीत रांग सरकता सरकत नव्हती. मुलगी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली. खिडकीशी पोचताच तिच्या तोंडून गेलं, "साहेब, एक विनंती..."

कारकुनाने तिच्या हातातल्या बिलाच्या कागदासाठी हात पुढे केला. तिने कागद सोडला नाही.

"विनंती नाही. तक्रार आहे. नोंदवा आणि नंबर द्या."

त्याने मान वर केली. "बिलबाईंच्या कोण तुम्ही?"

"मुलगी."

बाई गेल्या तरी आमचा पिच्छा सुटला नाही म्हणायचा, असं पुटपुटत त्याने शिक्का मारला, नंबर लिहिला आणि लाइनमनला स्वतःच फोन लावला.

बाहेर पायऱ्यांवर इस्त्रीवालीने पदराने तोंड पुसलं. मग चाचरत विचारलं, "आम्ही बिलबाईंना फार पळवलं का हो, ताई?"

'छे हो, असं काय म्हणता' हे मुलीच्या ओठांवर तयार होतं. येणाऱ्या प्रत्येकाला तिने तेच ऐकवलं होतं.

"हो, पळवलंत," ती म्हणाली. "मला ती घरी हवी असायची."