चौथऱ्यावरची वहिनी

सर, तो खळगा तुम्ही अंगठ्यानं पुसलात. एका कागदावरून नाही, ज्या ज्या पोरीनं तो काढला तिच्या तिच्या कागदावरून पुसलात, आणि वर म्हणालात, डोळे तपासून घ्या. तुमचे डोळे कुणी तपासायचे, हे विचारायची तेव्हा कुणाची हिंमत झाली नाही. आता सगळं पहिल्यापासून ऐकून घ्या, त्यात तुम्हीही आहात.

चित्रकलेच्या त्या शाळेत दोघी कामाला होत्या, नणंद आणि भावजय. नणंद शिपाई. वर्ग झाडायचा, बोर्ड मांडायचे, चौथऱ्याशेजारी हीटर लावायचा, पडदा ओढायचा, ही तिची कामं. वहिनी मॉडेल. ती पडद्यामागे कपडे उतरवायची, चौथऱ्यावर जाऊन उभी राहायची आणि मुलं चारकोलनं तिचं अंग कागदावर उतरवायची. तिच्या पावलांभोवती नणंद खडूनं रेघ मारून ठेवायची, म्हणजे सुट्टीनंतर ती बरोबर तिथंच उभी राहील.

हे काम नणंदेनंच लावून दिलेलं. तिच्या भावाला सुरुवातीला ते पचलं नाही. तोंड फुगवून बसला. बायको त्याला म्हणाली, मी तिथं नुसती उभी राहते, तू राहून दाखव. तो पठ्ठ्या लगेच उठून भिंतीपाशी उभा राहिला. ताट वाढून होईपर्यंत त्याच्या पायांना मुंग्या आल्या आणि विषय मिटला तो कायमचा.

नणंद तिची चेष्टा करायची. घरी दूध तापेपर्यंत एका जागी थांबत नाहीस, आणि इथं नाकावर माशी बसली तरी हूं की चूं नाही. पण आतून तिला नवल वाटायचं. वहिनी चौथऱ्यावर चढली की दंगा करणारी पोरंसुद्धा आपोआप गप्प व्हायची. आई गेली तेव्हा नणंद लहान होती. वेणी याच वहिनीनं घातली, तापात उशाशी हीच बसली. ज्या कुशीत तोंड खुपसून आपण रडलो तीच अशी सगळ्यांसमोर उघडी, आणि तरी तिच्याकडे वाकड्या नजरेनं बघायची कुणाची टाप नाही, हे काय आहे ते तिला शब्दांत सांगता आलं नसतं.

वर्ग विभागप्रमुखांचा होता. सर वर्गात फिरायचे आणि चित्रं दुरुस्त करायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: निसर्ग चुकतो, चित्रकारानं चुकायचं नाही. खांदा उतरता असेल तर ते वर घ्यायचे, पोट सुटलेलं असेल तर आत घ्यायचे. त्या दिवसांत काही पोरी डाव्या स्तनाच्या खालच्या अंगाला एक बारीक खळगा काढायला लागल्या होत्या. सर यायचे, अंगठा फिरवायचे आणि त्यावर सुरेख गोल रेघ मारायचे. नणंदेनं कचरा गोळा करताना ते पाहिलं होतं. सरांना कळतं, असं म्हणून ती पुढे गेली होती.

सुट्टीत मॉडेलनं गाऊन घालून वर्गात फिरावं, चित्रं बघावीत, पण बोलू नये, असा तिथला रिवाज. वहिनीनं तो कधी मोडला नव्हता. त्या दिवशी ती पहिल्या रांगेतल्या मफलरवाल्या पोरीच्या बोर्डापाशी थांबली आणि तिनं विचारलं, "इथं तू काय काढलं होतंस?"

पोरगी ओशाळली. "चुकलं होतं माझं. सरांनी नीट करून दिलं."

वहिनी पुढच्या बोर्डापाशी गेली. तिथंही त्याच जागी राखाडी फरकाटा. त्याच्या पुढच्यावरही तेच. एकमेकींपासून लांब बसलेल्या, वेगवेगळ्या बाजूंनी बघणाऱ्या पोरी, आणि चूक मात्र सगळ्यांची एकच. वहिनीनं नणंदेचं मनगट धरलं आणि तिला पडद्यामागे नेलं.

"हात वर करते. बघ, आणि खरं सांग."

तिनं हात उचलला तशी कातडी आत ओढली गेली. कुणीतरी आतून टाका घालून दोरा खेचावा तशी. बोंडही एका बाजूला ओढलेलं. दुखतं का, असं नणंदेनं विचारलं.

"अजिबात नाही. दुखलं असतं तर आधीच कळलं नसतं का?"

बाहेर सुट्टी संपली होती. वहिनीनं गाऊन उतरवला, चौथऱ्यावर गेली, खडूच्या रेघेत पावलं ठेवली आणि उरलेली पोझ पुरी केली. पापणीसुद्धा हलली नाही. नणंद दाराला टेकून उभी होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आडवळणानं बोलणाऱ्या नव्हत्या. तपासण्या झाल्यावर त्यांनी कॅन्सर म्हणून सांगितलं. स्तन काढावा लागेल, मग केमो. हे कधीपासून आहे, असं त्यांनी विचारलं तेव्हा वहिनी म्हणाली, "माझ्या लक्षात आत्ता आलं. कागदावर बऱ्याच दिवसांपासून आहे." डॉक्टरीणबाईंना काही उमगलं नाही. नणंद खिडकीबाहेर बघत बसली.

पुढचे महिने कसे गेले ते घरच्यांनाच माहीत. केस गेले, भुवया गेल्या, नखं काळी पडली. पाण्यालाही लोखंडाची चव यायची. ती ओकत असली की नवरा न्हाणीघराच्या दाराबाहेर बसून विचारायचा, आहेस ना गं आत? आतून आवाज यायचा, नाही, बाजारात गेलेय. तो हसायचा आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसायचा. ज्या बाजूचा स्तन गेला त्या बाजूचा हात वर जाईना. मग भिंतीवर बोटं चालवत चालवत ती तो रोज थोडा वर न्यायची, आणि पोचेल तिथं नणंद पेन्सिलीनं खूण करायची. ही माझी पोझच चाललीय, असं वहिनी म्हणायची. शाळेत परत जायचं, हे तिचं ठरलेलं होतं. तिथं मी नुसती बाई नसते, असं ती एकदा बोलली, आणि पुढे काय असते ते तिनं सांगितलं नाही.

बोटभर केस आले तशी ती शाळेत गेली. सर दारातच आडवे आले. बोलले गोड. तब्येतीची चौकशी केली आणि मग सुचवलं की आज पाठमोरी पोझ घेऊ, मुलांना ते सोपं जाईल.

"मी समोरूनच उभी राहणार," वहिनी म्हणाली. "ज्याला बघवत नसेल त्यानं पाठ फिरवावी."

तिनं गाऊन उतरवला. उजवीकडे सगळं होतं तसंच. डावीकडे सपाट, आणि काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत तांबूस व्रण. नणंदेनं तो कितीदा धुतला होता, पुसला होता. पण हीटरशेजारच्या त्या उजेडात तिला जे दिसलं ते घरी कधी दिसलं नव्हतं. व्रणाखाली, बरगड्यांच्या मधे, पातळ कातडी हलत होती. उठत होती, बसत होती. आतलं काळीज बाहेरून दिसत होतं.

वहिनीचं बाकी सगळं अंग दगडासारखं निश्चल होतं. तेवढी एक जागा जिवंतपणे ठोके देत होती, आणि सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. कुणाचा चारकोल कागदाला लागेना. सवयीनं दोन्ही गोल आधीच काढून बसलेल्या एका पोरानं डावा गोल हळूच पुसला. देवळात शिरताना होतं तसं काहीतरी नणंदेच्या अंगावरून गेलं. हे काळीज माझ्या गालाखाली वाजत होतं, तिच्या मनात आलं, आणि तेव्हा मला ते नुसतं ऐकू यायचं.

मफलरवाल्या पोरीनं हात वर केला. "सर, हे हलतंय. हे कसं काढायचं?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग फोन आल्यासारखं करून बाहेर गेले ते वर्ग संपेपर्यंत आले नाहीत. पोरं काढत राहिली. कुणी व्रण काढला, कुणी नुसता चेहरा. मफलरवालीनं त्या जागेवर पुन्हा पुन्हा रेघा मारल्या, इतक्या की कागदाला तिथं लव उठली. वहिनी खाली उतरली तेव्हा सगळी पोरं उभी राहिली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांनी कारकुनानं नणंदेला बाजूला घेऊन कळवलं की नव्या सत्रासाठी दुसरी मॉडेल ठरली आहे, मुलं अस्वस्थ होतात असं सरांचं म्हणणं आहे. मुलं अस्वस्थ होतात. नणंदेनं झाडू कोपऱ्यात ठेवला आणि ज्या केबिनमध्ये ती आजवर फक्त चहा घेऊन गेली होती तिथं रिकाम्या हातानं गेली. बस म्हणायची सरांनी तसदी घेतली नाही, आणि तिलाही बसायचं नव्हतं.

"सर, कारकुनाकडून निरोप नको. मुलं उठून उभी राहिली, मी डोळ्यांनी पाहिलं. वर्ग सोडून तुम्ही गेलात, तेही पाहिलं. तर अस्वस्थ कोण झालं? सोमवारी वहिनी येतेय. मी चौथरा तयार ठेवू की नको? माझ्याकडे बघून सांगा."