झ्लातकाबाईंचं एकच वाक्य

"आजी, सही तुमचीच ना?"

झ्लातकाबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. "माझीच. पण ती सिनेमातली आहे."

इन्स्पेक्टर कोलेव्हने पेन खाली ठेवलं. बल्गेरियातल्या विदिन गावच्या या चौकीत त्याने नाना तऱ्हा ऐकल्या होत्या, ही नवीन होती. "म्हणजे?"

"म्हणजे मी काम केलं हो त्यात. ठकांवरचा सिनेमा. एका विधवेशी गोड बोलून तिचं घर लिहून घेतात. ती विधवा मी."

"आणि घर कुणाचं?"

"माझंच," बाई म्हणाल्या आणि पदरी आलेलं सगळं त्यांना तेव्हा कुठे नीट दिसलं.

बाई अडतीस वर्षं नाट्यगृहात प्रॉम्प्टर होत्या. रंगमंचाच्या तोंडाशी खाली खोक्यात बसायचं आणि नट अडखळला की पुढचा शब्द पुटपुटायचा. टाळ्या वर, धूळ खाली. नवरा स्पास तिथलाच सुतार. तो गेला तेव्हा तिथल्या रिवाजाप्रमाणे त्याचा फोटो आणि निधनाचा मजकूर त्यांनी इमारतीच्या दारावर चिकटवला, आणि दर वर्षी नवा चिकटवत राहिल्या: स्पास दिमोव्ह, नाट्यगृहाचे सुतार, शोकाकुल पत्नी झ्लातका. कालोयान नावाच्या त्या गृहस्थाला एवढं भांडवल पुरलं.

मेलेल्या माणसासाठी आणतात तशी सम संख्येतली फुलं घेऊन तो वर आला. "मावशी, लहानपणी स्पासकाकांनी मला लाकडी तलवार करून दिली होती." आता सुताराने पोराला लाकडी तलवार करून दिली, हे सांगायला काय ज्योतिषी लागतो? पण बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने सिनेमाचं काढलं.

शेजारची वेलिचका हसली. "तुला कोण घेतंय गं सिनेमात? आरसा बघितलास का?" ती गप्प बसली असती तर बाईंनी कदाचित दोन दिवस विचार केला असता. आता त्या हट्टाला पेटल्या.

"विधवेचं नाव तुमचंच ठेवलंय, मावशी," कालोयान म्हणाला. "पहिल्यांदा काम करताय, अडखळायला नको. कचेरीही खरी, नोटरीही खरा. फक्त ओळखपत्र तेवढं आम्ही पुठ्ठ्याचं करतो."

"काहीतरीच! पुठ्ठा लगेच ओळखू येतो," बाई म्हणाल्या. जन्म नाटकात गेलेला! त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःचं ओळखपत्र काढून दिलं.

आता कोलेव्ह विचारत होता, "सही करण्याआधी वाचलं नाहीत?"

"वाचायचं काय त्यात? पाठ होतं मला."

कोलेव्हने कागद बाजूला सारला. "आजी, तुम्हाला खोटा धीर देत नाही. तो माणूस पसार आहे. घर पुढे विकलं गेलंय. नोटरी म्हणतो, बाई राजी होत्या. नव्या मालकाच्या वकिलाने पुरावाही पाठवलाय."

"कसला?"

"चित्रीकरण. तुमच्यावर जबरदस्ती झाली नाही, हे दाखवायला." तो घुटमळला. "बघायचंय?"

बाईंनी तिकडच्या रीतीप्रमाणे होकाराची मान आडवी हलवली.

त्याने संगणक त्यांच्याकडे वळवला. लग्नातला निळा कोट घातलेली, ओठांना रंग लावलेली एक म्हातारी ताठ बसली होती. नोटरीने कागद वाचून विचारलं, मान्य आहे का? म्हातारीने त्याच्याकडे बघितलं. घाई केली नाही. बाईंना वाटलं, चांगलं करतेय की.

"मी, झ्लातका दिमोवा," म्हातारी म्हणाली, "माझं राहतं घर..."

आणि थांबली. पुढचं आठवेना. नोटरी वाट बघत होता. कोलेव्हने हे आधी दोनदा पाहिलं होतं, तरी तो पुढे झुकला. इथेच उठून गेली असती ही, तर घर वाचलं असतं. म्हातारीच्या नजरेत भीती दाटली. खाली, पायांपाशी, ती कुणाला तरी शोधू लागली.

चौकीतल्या खुर्चीवर झ्लातकाबाई पुढे सरकल्या. त्यांचे ओठ हलले.

"स्वखुशीने," त्या हळूच पुटपुटल्या.

पडद्यावरच्या म्हातारीने शब्द बरोब्बर उचलला आणि वाक्य पुरं केलं.