हरकतीचं पाकीट

"शिक्का पुसट आहे."

मी पाकिटावर भिंग धरलं होतं. हवालदार दोन गाड्या बदलून आला होता, शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"अहो भाऊसाहेब, चांगला उमटलाय की! भिंग कसलं लावताय, चष्मा बदला."

मागे उभे असलेले चार-पाच जण हसले. आमच्या शिपायानेही दात काढले. झालं! मी लाल शाईने 'हरकत' लिहिलं आणि पाकीट परत त्याच्या हातात दिलं.

पोलिसांनी जप्त केलेल्या संशयित अमली पदार्थांचे नमुने तपासायची आमची प्रयोगशाळा. तिच्या आवक खिडकीवर मी बावीस वर्षं बसलो. पाकिटावरचा लाखेचा शिक्का सोबतच्या पत्रावरच्या नमुन्याशी जुळला की वहीत नंबर पडायचा. नाही जुळला तर पाकीट परत, आणि ते पुन्हा आलं की नवा नंबर, थेट रांगेच्या शेपटाला. तपासणी दोन तासांची, रांग चार महिन्यांची. शिक्का जरासा पुसट असेल तर पाकीट ठेवून घ्यायचं, नंबर द्यायचा आणि ठाण्याकडून नुसतं नवं पत्र मागवायचं, हेही नियमात बसत होतं. एरवी मी तेच करायचो.

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी ती खोली डोळ्यांपुढून जात नाही. वितळलेल्या लाखेचा वास, पावसाळ्यात फुगून अडकणारं कपाटाचं दार, आणि आतून रसायनतज्ज्ञ मॅडमची गडगडाटी हाक, "लाखमोलाचे, या चहाला!" लाखेवरून हे नाव त्यांनीच मला चिकटवलं होतं. काय माणसं होती! भांडायचो कडाकडा, पण कुणाच्या घरी आजारपण आलं की सगळी प्रयोगशाळा दवाखान्यात हजर.

ते पाकीट दीड महिन्याने परत आलं. नवा शिक्का, नवा नंबर. आणि पाठोपाठ एक बाई खिडकीशी आली, सातवा महिना असावा. नवरा सायकली दुरुस्त करायचा. दुकानात पांढऱ्या पावडरीच्या पुड्या सापडल्या म्हणून आत होता.

"काका, ट्यूबला लावतात हो ती पावडर, चिकटू नये म्हणून. पण अहवाल येईपर्यंत जामीन नाही म्हणतात. कधी येईल?"

"नंबराने येईल," मी म्हणालो. काका म्हणाली म्हणून स्टूल मात्र दिलं.

नंतर ती दर महिन्याला येऊ लागली. एक महिना चुकला आणि पुढच्या महिन्यात आली ती दुपट्यात बाळ घेऊनच. मुलगी झाली होती. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी वही उघडली. ते पाकीट पहिल्यांदा आलं त्या दिवसाचे नंबर काढले. त्या सगळ्यांचे अहवाल निघाले होते, तेही बाळाच्या जन्माच्या आठवड्यातच. मी वही मिटली.

"मॅडम, एक पाकीट पुढे घेता येईल?" मी विचारलं.

"तुम्ही विचारताय? इतक्या वर्षांत स्वतःच्या मेव्हण्याचं नाही घेऊ दिलंत!" त्या हसल्या आणि माझा चेहरा बघून थांबल्या. "प्रत्येक पाकिटामागे कुणीतरी असतंच हो. कुणाला मागे ढकलू?"

त्यातच दुधात मिठाचा खडा पडावा तसं मुख्य मशीन बंद पडलं. सुटा भाग यायला सहा महिने लागले. रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढत गेली.

आता बाई दर आठवड्याला येऊ लागली, आणि पोरगी माझ्या खिडकीच्या फळीवर मोठी झाली. मी वही चाळतोय असं दाखवायचो, कारण सांगण्यासारखं काही नसायचं, आणि ती माझा चष्मा ओढायची. बसायला लागली ती तिथेच, पहिले दोन दात मी पाहिले. आईच्या कडेवरून झेप घेऊन माझ्याकडे यायची, लबाड कुठली!

"वडिलांना दाखवलीस का हिला?" मी एकदा विचारलं.

"हेच नेऊ देत नाहीत. म्हणतात, तिने मला पहिल्यांदा बघायचं ते बाहेर बघू दे."

अखेर मशीन सुरू झालं आणि नंबर लागला. मॅडमनी दुपारपर्यंत अहवाल लिहिला. शंखजिऱ्याची, म्हणजे साध्या टाल्कमची भुकटी, अमली पदार्थ नाही. दोन तास लागले. पाकीट पहिल्यांदा आलं त्याला तेरा महिने झाले होते.

पंधरा दिवसांनी ती दोघं आली. तो हडकलेला, केस बारीक कापलेले. पोरगी आईच्या कडेवर होती.

"काका, तुम्ही फार धीर दिलात, ही सांगत असते," तो म्हणाला आणि हात जोडले.

मला ते सहन होईना. "अरे, तुझं पाकीट पहिल्यांदा मीच परत पाठवलं होतं. शिक्का पुसट होता म्हणून. नाहीतर हिच्या बारशाला तू घरी असतास."

त्याने जोडलेले हात खाली घेतले. बाईने खाली पाहिलं.

"नियम होता ना तसा?" त्याने विचारलं.

"होता," मी म्हणालो. ते अर्धंच खरं होतं, आणि उरलेलं अर्धं माझ्या तोंडून निघालं नाही.

"मग झालं तर." त्याने मुलीकडे हात केले. "ये, बाबाकडे ये."

तिने भोकाड पसरलं. त्याने घेतली तशी ताठ झाली, हातपाय झाडू लागली, आणि खिडकीतून माझ्याकडे दोन्ही हात पसरले. "अगं, बाबा आहेत ते," आई पुन्हा पुन्हा सांगत होती. नेहमीच्या सवयीने माझे हात वर गेले होते. मी ते टेबलाखाली घेतले.

"रडू दे," तो म्हणाला, "होईल ओळख." त्याने तिला खांद्याशी घट्ट धरलं आणि चालू लागला. फाटकापर्यंत ती त्याच्या खांद्यावरून माझ्याकडेच बघत रडत होती, आणि तो तिच्या पाठीवर थोपटत होता, अगदी हळू, जमतंय की नाही ते चाचपत.