बाराव्या पायरीवर नेरा

पंखा थांबताना त्याचा आवाज आधी पातळ होतो. मग पाती एकमेकांपासून सुटी दिसू लागतात, आणि शेवटचा अर्धा फेरा तो कुणावर उपकार केल्यासारखा घेतो. आमच्या इमारतीतले चाळीसेक पंखे दुपारी चारला असे एकदम थांबत, आणि त्या उघड्या पडलेल्या शांततेत चौथ्या मजल्यावरून स्लिपरांची फटफट सुरू होई. गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात ती थांबली की आम्हाला कळे, वैजूताई आली. आजही कुठे वीज गेली की माझा कान आधी वर लागतो.

हे शब्दचित्र मी काढावं की नाही, याचा मला अजून नीट निर्णय करता आलेला नाही. पुसणाऱ्या हातानेच पुन्हा रेघ ओढावी, यात काही न्याय असेल तर असो.

आम्ही भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कच्या मागच्या अंगाला राहतो. त्या वर्षांत भारनियमनाचं वेळापत्रक किराण्याच्या दुकानात चिकटवलेलं असे, आणि आमच्या वाट्याला चार ते साडेसहा ही वेळ आली होती. घरात उकाडा मावत नसे. गच्चीची किल्ली सेक्रेटरी काकांकडे, त्यामुळे गच्चीच्या बंद दाराआधीचा जिन्याचा तो शेवटचा टप्पा आमचा झाला. तिथे सिमेंटची जाळी होती आणि जाळीतून खाडीकडची मिठागरं दिसत. चैत्रात मिठाच्या राशी वर आलेल्या असत. उतरतं ऊन त्यांच्यावरून परतून जाळीतून आत येई, त्याचे चौकोन होत, आणि ते चौकोन वैजूताईच्या चेहऱ्यावर पडत. तिचा चेहरा मला अखंड असा आठवतच नाही. एक चौकोन कपाळावर, एक ओठांच्या कडेला. ती मान वळवी तेव्हा कपाळावरचा उजेड सरकून डोळ्यात जाई आणि डोळा क्षणभर मधासारखा दिसे.

ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झाल्यावर घरी बसली होती, आणि आईबरोबर नकली दागिन्यांना खडे चिकटवायचं काम करत होती. कानातल्यांचे पुठ्ठे, खड्यांच्या पुड्या आणि डिंकाची ती तीक्ष्ण गोड वास मारणारी ट्यूब, एवढ्यात तिचा दिवस संपे. बोटांच्या टोकांवर डिंक वाळून पापुद्रा धरी. बोलता बोलता ती तो नखाने सोलून काढी. सोललेला पापुद्रा ती उजेडाकडे धरून बघत असे; त्यावर तिच्या बोटाच्या रेषा उमटलेल्या असत.

तिच्या मांडीवर पुस्तक असे. रद्दीच्या दुकानात पेपर घालायला गेली असताना तिथल्या ढिगातून तिने ते उचललं होतं. जाडजूड, इंग्रजी, जादूच्या राज्याची कथा सांगणारं, सहा भागांच्या मालिकेतलं. त्या मालिकेचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. आमच्यासाठी ती ‘सात मनोऱ्यांची गोष्ट’ होती. वैजूताईने शाळेच्या वहीला घालतात तसं तपकिरी कव्हर घालून त्यावर लेबल चिकटवलं होतं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘भाग १’. तो संपला तेव्हा ‘भाग २’ आला, मग तिसरा, चौथा. आम्ही विचारलं नाही की हे भाग ती आणते कुठून. मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी पुस्तकाच्या पोटात शिरायची हिंमत नसते. कव्हर आणि लेबल दिसलं की आमचा विश्वास पुरा होतो.

वाचायची तिची एक रीत होती. आधी ओळीखालून बोट सरकवायची आणि ओठ हलवत इंग्रजी पुटपुटायची. मग बोट तिथेच ठेवून जाळीबाहेर बघायची. हा थांबा मोठा असे. मिठागरात पाणी आटताना जसं काही घडत नाहीसं वाटतं आणि खाली पांढरं धरत जातं, तसा तो थांबा होता. आणि मग ती मराठीत सांगू लागे.

समुद्रात सात मनोरे, प्रत्येकावर दिवा, दिवे राखणारी मोठ्या घराण्यांतली जादूगार मुलं, हे सगळं तिच्या सांगण्यात होतं. पण आमचा जीव जडला होता तो नेरावर. नेरा मनोऱ्यांच्या खाली, मिठागराच्या कडेला राहणारी मुलगी. तिला जादू येत नाही. तिच्याकडे एकच गोष्ट आहे, ती मोजते. जादूगारांचे दिवे विझतात आणि थोरामोठ्यांची मुलं अंधारात धडपडतात, तेव्हा नेरा पावलं मोजत चालते, कारण तिच्या घरी दिवा कधी नव्हताच.

“वैजूदीदी, जल्दी बोल ना, लाइट आ जायेगी!” तिसऱ्या मजल्यावरचा जिग्नेश घाई करी. तो गुजराती; त्याला मराठी समजत होतं, पण बोलायला लाजायचा.

“तू गप रे जिगू. तुझाच घोडेवाला येतोय आता.”

“मेरा? सच में?”

“पळपुटा आहे पण.”

“ऐसा मत कर ना यार, दीदी!”

माझी धाकटी बहीण मनी तेव्हा दुसरीत होती. तिने एकदा विचारलं, “नेराला भूक नाही का गं लागत?”

“लागते ना,” वैजूताई बोटाचा पापुद्रा सोलत म्हणाली, “पण ती सांगत नाही. लोकांना वाटतं, हिला लागतच नाही.”

हे ती इतक्या सहज म्हणाली की आम्ही हसलो. साडेसहाला वीज येई, चाळीस पंखे पुन्हा फिरू लागत, आणि आमच्या तोंडून एकदम निघे, “अरेरे!” संपूर्ण भाईंदरात वीज आल्याचं दुःख होणारे बहुधा आम्हीच.

माझे वडील सातवी शिकलेले, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला. आईला फक्त सही करता येते. दहावीनंतर कॉलेजचा अर्ज मी एकटीने भरला, आणि पहिल्या दिवशी त्या मोठ्या इमारतीच्या दारात मला उलटं फिरावंसं वाटलं. भोवती सगळे इंग्रजीत हसत होते. तेव्हा मी नेरासारख्या पायऱ्या मोजल्या. एक, दोन, तीन. छत्तीस पायऱ्यांनंतर माझा वर्ग आला. कुणाच्या पुस्तकातली का असेना, तिकडच्या देशातल्या एका लेखकाला माझ्यासारखी मुलगी ठाऊक होती, या एका जाणिवेच्या आधारावर मी ते वर्ष काढलं.

म्हणूनच कॉलेजच्या ग्रंथालयात ते सहा भाग ओळीने उभे दिसले तेव्हा मला नातेवाईक भेटल्यासारखं झालं. पहिला घेतला. खिशातल्या शब्दकोशासह दीड महिना लागला. मनोरे होते, दिवे होते, घराण्यांतली मुलं होती. नेरा नव्हती. मी पुढच्या भागांची पानं चाळली, नावं शोधली. मिठागराची मुलगी कुठेच नव्हती.

मला राग आला. आज त्या रागाचा तळ दिसतो. मला फसवलं याचा तो राग नव्हता. तिकडच्या देशातल्या लेखकाला मी ठाऊक नव्हते. मला ओळखणारी व्यक्ती फक्त चौथ्या मजल्यावर राहत होती आणि खडे चिकटवत होती, हे माझ्या नव्या कॉलेजी मनाला कमी वाटलं.

चैत्रच होता. वैजूताईच्या मांडीवर ‘भाग ५’ होता. नेराला शेवटचा दिवा घेऊन समुद्रात उतरणाऱ्या पायऱ्यांवरून जायचं होतं. ओहोटी संपायच्या आत, अंधारात. वैजूताई सांगत होती, “दहा… अकरा… पायाला पाणी लागलं. नेराने बारावी पायरी मोजली, आणि…”

मी ग्रंथालयाचं पुस्तक उघडलं आणि त्याचा पहिला परिच्छेद मोठ्याने, इंग्रजीत वाचला. मग म्हणाले, “हा खरा भाग एक. अख्खा वाचलाय मी. पुढचेही बघितलेत. नेरा नाहीये यात. तू सगळं मनाने सांगतेस.”

जिग्नेश आधी हसला. “क्या बात कर रही है! मतलब दीदीने इतने दिन मामू बनाया?” त्यात वाईट काही नव्हतं. वैजूताईनेही हसावं म्हणून तो तिच्याकडे बघत होता. ती हसली असती तर सगळं तिथेच निभावलं असतं. पण मी थांबले नाही.

“इंग्लिशमध्ये दोनदा उडालेली मुलगी इंग्लिश पुस्तक कसं वाचेल,” मी म्हणाले, “हे आपल्यालाच कळायला हवं होतं.”

उजेडाचा चौकोन तिच्या गालावर होता. तो हलला नाही. तिने हात पुढे केला, माझ्याकडचं पुस्तक घेतलं, मी वाचलेल्या परिच्छेदाखालून बोट सरकवलं, ओठ हलवले. या वेळी तिने जाळीबाहेर पाहिलं नाही. पुस्तक मिटून, ओढणीच्या टोकाने त्यावरची धूळ पुसून ते मला परत दिलं.

“उच्चार किती छान झालाय गं तुझा, उज्जू,” ती म्हणाली.

तिच्या आवाजात उपरोधाचा कणही नव्हता. तो असता तर मला आज इतकं जड गेलं नसतं.

“मग बाराव्या पायरीवर काय झालं?” मनीने विचारलं. स्लिपरांची फटफट खाली गेली. थोड्या वेळाने वीज आली, आणि त्या दिवशी कुणी ‘अरेरे’ म्हटलं नाही.

ती पुन्हा जिन्यात आली नाही. त्यांच्या दारावरून जाताना दिसे, पुठ्ठ्यावर वाकलेली. मान वर करून हसायचीसुद्धा. मी मनात वाक्यं जुळवत असे आणि तिच्या दारापर्यंत येताना ती वाक्यं इंग्रजीसारखी परकी होत. पुढच्या पावसाआधी त्यांचं बिऱ्हाड नालासोपाऱ्याला गेलं. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी क्लासला होते. त्या दिवशी क्लास चुकवला असता तरी चाललं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. जाताना तिने ते पुस्तक मनीच्या हातात दिलं आणि म्हणाली, “उज्जूला दे. तिला आता नीट वाचता येतं.”

वर्षभर मी त्याला हात लावला नाही. मग एका दुपारी कव्हर काढलं. ‘भाग ५’च्या आत ‘भाग ४’ होतं. त्याच्या आत तीन. तपकिरी कागदाचे पाच थर, कांद्यासारखे, एकावर एक. प्रत्येक लेबलावर तेच काळजीपूर्वक काढलेलं अक्षर. आणि आत एकच, पहिला भाग.

पानांच्या कडांना पेन्सिलीने शब्दांचे अर्थ लिहिले होते. काही बरोबर, काही चुकलेले, काही ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह. हे एकतिसाव्या पानापर्यंत. तिथे कानातल्यांचा एक रिकामा पुठ्ठा खुणेसाठी होता. पुढची पानं कोरी, न उलटलेली, कडक. म्हणजे तिने वाचलं होतं. एकेका शब्दाशी झुंजत, खडे चिकटवून दुखणाऱ्या बोटांनी, एकतीस पानं खरोखर वाचली होती.

एकतिसाव्या पानावर राजघराण्याची मुलं नौकेतून जातात. काठाच्या मिठागरांतली काही मुलं उभी राहून बघत होती, एवढं एक वाक्य तिथे आहे. त्यांना नावं नाहीत, पुन्हा ती येत नाहीत. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात लिहिलं होतं: ‘ही कोण? – जिगू, मनी, उज्जू.’ ‘उज्जू’वर बारीक काट मारून पुढे लिहिलं होतं, ‘नेरा’.

हे वाक्य मीही वाचलं होतं, ग्रंथालयाच्या प्रतीत. मला त्याचा अर्थ लागला होता, म्हणून मी तिथे थांबले नाही. ती थांबली. नौका पुढे गेली तरी ती काठावरच्या मुलांजवळ उभी राहिली, आणि पाचही भाग त्यांना देऊन टाकले.

आता मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सहाही भाग वाचून झाले, चांगले आहेत. नालासोपाऱ्याचा पत्ता आईच्या डबीत आहे, घडीवर फाटायला आलेला. तीनदा निघाले आणि तीनदा काही ना काही काम निघालं, असं मी स्वतःला सांगते.

परवा वीज गेली तेव्हा वरच्या जिन्यातून आवाज आला. मनी आता सातवीत आहे, दुसऱ्या मजल्यावरच्या चिल्ल्यापिल्ल्यांना घेऊन ती जाळीखाली बसली होती आणि सांगत होती, “दहा… अकरा… पायाला पाणी लागलं.” मग ती अडली. मला पाहून म्हणाली, “ताई, तू तर सगळे भाग वाचलेस. बाराव्या पायरीवर काय झालं?”

मी म्हणाले, “ते वैजूताईलाच माहीत.”

“मग जाऊन विचार ना,” मनी म्हणाली. “पत्ता आहे की आपल्याकडे.”

पोरं माझ्याकडे बघत होती. जाळीचे चौकोन त्यांच्या चेहऱ्यांवर पडले होते, आणि मधली जागा त्यांनी नकळत मोकळी सोडली होती. खाली मिठागरात पाणी आटत होतं. काळ पुढे जातो म्हणतात, आणि आमच्या घरात, कॅलेंडरात, माझ्या निकालपत्रांत तो गेलाही असेल. या जिन्यात मात्र तो अजून बाराव्या पायरीवर उभा आहे, हातात दिवा, पायाला पाणी, एका अर्ध्या वाक्याची वाट पाहत. ते वाक्य मी तोडलं, आणि पुरं करणारीचं दार कुठे आहे, हे मला ठाऊक आहे.